जोडीचं सिंगल: रॅप बीटच्या मागे पडतो, ८०८ फोनवर गायब, आणि क्रेडिटचं काय?

कळवा_ते_ऐरोली

आम्ही दोघं मिळून एक मराठी सिंगल काढतोय. रॅपर कळव्यात, बीट बनवणारा प्रोड्युसर ऐरोलीत. गाणं ९० बीपीएमचं (मिनिटाला ९० ठोके), एफ मायनरमध्ये. बांधणी अशी: ४ बार (चार ठोक्यांचा एक बार) इंट्रो, ८ हुक (ध्रुवपद), १६ व्हर्स (कडवं), ८ हुक, १६ व्हर्स, ८ हुक, ४ आउट्रो.

सध्याची पद्धत: प्रोड्युसर एफएल स्टुडिओतून अख्ख्या बीटची (रॅपखालच्या संगीताची) ३२० केबीपीएसची एमपी३ पाठवतो. रॅपर ती रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकून त्यावर व्होकल रेकॉर्ड करतो. कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा साधा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र), दहा बाय दहाची खोली, खिडकी रेल्वेच्या बाजूला. मग नुसतं व्होकल ऐरोलीला जातं आणि तिथे मिक्स होतं.

अडचणी:

१) रॅपरच्या लॅपटॉपवर फ्लो बीटवर घट्ट बसलेला असतो. तेच व्होकल एफएलमध्ये शून्यापासून लावलं की किंचित मागे पडतं. प्रत्येक टेकला तेवढंच.

२) व्होकल डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं येतं. वाढवलं तर बीटच्या वर तरंगतं, कमी केलं तर सॅम्पलमध्ये (बीटमध्ये वापरलेल्या मुद्रित तुकड्यात) बुडतं.

३) ८०८ (बीटचा खोल बेस) हेडफोनमध्ये जबरदस्त, फोनवर नाहीसा.

४) इंट्रोत एका जुन्या मराठी रेकॉर्डमधला चार सेकंदांचा तुकडा आहे, पिच खाली नेलेला. चालेल का?

५) क्रेडिटला दोघांची नावं टाकायची की जोडीचं एक नाव? आणि पैसे निम्मे-निम्मे म्हणजे नक्की कशाचे निम्मे?

---

माजिवडा_मिक्स

पहिल्या अडचणीत एमपी३वर संशय घ्या. एमपी३ बनवताना एन्कोडर फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता घालतो, आणि वाजवताना डिकोडर आणखी थोडी. लेम एन्कोडरच्या फाइलला ५७६ अधिक ५२९ म्हणजे ११०५ सॅम्पल (इथे अर्थ डिजिटल आवाजाचे बारीक ठिपके), ४४.१ किलोहर्ट्झला साधारण २५ मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ही भर ओळखून कापतात, काही तशीच ठेवतात. तशीच राहिली तर रॅपर उशिरा सुरू होणाऱ्या बीटवर अगदी बरोबर रॅप करतो, आणि ते व्होकल मूळ प्रोजेक्टात, जिथे बीट वेळेवर सुरू होतं, तिथे २५ मिलिसेकंद मागे पडतं. ९० बीपीएमला सोळाव्या मात्रेची (बारच्या सोळाव्या हिस्स्याची) लांबी १६७ मिलिसेकंद. त्यातला सातवा हिस्सा सरकला की फ्लो आळसावलेला वाटणारच. सगळ्या टेक्सना फरक तेवढाच आहे म्हणताय, म्हणजे दोष रॅपरच्या तालात नाही.

खात्री करायला रीपरमध्ये त्याच बीटची एमपी३ आणि वेव्ह एकाखाली एक लावा, दोन्ही शून्यापासून, आणि पहिल्या किकवर झूम करा. जेवढं अंतर दिसेल तेवढं व्होकल एफएलमध्ये डावीकडे सरकवा. पुन्हा रेकॉर्ड करायची गरज नाही.

अंतर दिसलंच नाही तर गडबड इंटरफेसमध्ये आहे. हेडफोनचा एक कप माइकला चिकटवा, रीपरमधून क्लिक वाजवा आणि तीच क्लिक माइकवाटे रेकॉर्ड करा. रेकॉर्ड झालेली क्लिक मूळ क्लिकच्या उजवीकडे पडली तर ड्रायव्हर आपला उशीर कमी सांगतोय. रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये तेवढे सॅम्पल हाताने भरता येतात. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाका, रेकॉर्ड करताना बफर १२८ ठेवा (४८ किलोहर्ट्झला एका दिशेने पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत), मिक्सला १०२४ करा. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्डिंग अजिबात नको. तिथे दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज येतो, मग कुठलंही ऑफसेटचं गणित लागत नाही.

यापुढे देवाणघेवाण फक्त २४ बिट वेव्हमध्ये. दोन्हीकडे सॅम्पल रेट एकच, ४८ किंवा ४४.१, जो ठरेल तो. एकाचं ४४.१ आणि दुसऱ्याचं ४८ असेल आणि सॉफ्टवेअरने फाइल न बदलता तशीच वाचली, तर पिच जवळपास दीड सेमीटोन हलते आणि वेगही बदलतो. बीटच्या आधी एक मोकळा बार ठेवा, त्यात चार टिक. व्होकलची फाइलही त्याच बारपासून काढा, मधूनच सुरू होणारे तुकडे पाठवू नका. टिकवर टिक बसली की विषय मिटला. व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून नको.

आता मूळ मुद्दा. तुम्ही जोडी आहात, पण काम भाड्याच्या बीटवर केल्यासारखं चाललंय. ऑनलाइन लीजवर बीट घेणाऱ्या रॅपरच्या हातात एकच स्टिरिओ फाइल असते. त्याला सॅम्पल हलवता येत नाही, ८०८ थांबवता येत नाही, पंचलाइनला बीट कापता येत नाही. तुमच्याकडे बीट बनवणारा माणूसच आहे. आधी फोनवर का होईना, कच्चा रॅप रेकॉर्ड करून घ्या, तो एफएलमध्ये लावा, आणि बीटची मांडणी त्या शब्दांभोवती पुन्हा करा. दुसरी आणि तिसरी अडचण निम्मी तिथेच सुटेल. व्होकल आत बसवायला प्लगइन शोधण्याआधी बीटमधून काय काढता येईल ते बघा.

---

गोधडी_बूथ

डब्यातला आवाज खोलीतून येतोय. दहा बाय दहा म्हणजे समोरासमोरच्या भिंती सारख्या अंतरावर. त्यामुळे काही ठरावीक फ्रिक्वेन्सी फुगतात आणि रॅपच्या आवाजात २०० ते ४०० हर्ट्झचा भाग जड होतो. वर कंडेन्सर माइक, तो भिंतीवरून परतलेलं सगळं उचलतो.

अंड्याचे ट्रे लावू नका. एक इंची फोमही नको, तो फक्त वरचा झगमगाट शोषतो आणि डबा आहे तिथेच राहतो. जाड वस्तू लागते: दोन-तीन गोधड्या किंवा एक रजई दुहेरी घडी घालून, भिंतीपासून चार बोटं पुढे टांगलेली. आणि टांगायची रॅपरच्या पाठीमागे. बरेच जण माइकच्या मागे टांगतात. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे रॅपरचं तोंड आणि त्याच्या डोक्यामागची भिंत. ती भिंत आधी झाका, मग डावी-उजवी बाजू. कपड्यांचं भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याकडे पाठ केली तरी फरक कळतो. खोलीच्या बरोब्बर मध्यभागी उभं राहू नका.

माइकची पाठ खिडकीकडे करा. कार्डिऑइड पाठीमागून सगळ्यात कमी उचलतो. तरी लोकलचा खालचा गडगडाट भिंतीतून येतोच, तो माइक फिरवून जात नाही. तेवढ्यासाठी शॉकमाउंट लावा, स्टँड टेबलावर न ठेवता जमिनीवर पायपुसण्याच्या जाड घडीवर ठेवा, आणि लीड टेक शेवटची लोकल गेल्यावर घ्या. पंखा बंद, फ्रिज शेजारीच असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद, स्लायडिंग खिडकीच्या फटीत कापड. पावसाळ्यात बाहेर पत्र्याची शेड असेल तर सर आली की थांबायचं, दुसरा इलाज नाही. नॉइज काढणारी प्लगइन्स त्या आवाजाबरोबर ‘स’ आणि ‘श’ची धारही घेऊन जातात.

अंतर: तोंड ते माइक पाऊण वीत, म्हणजे १५ सेंटीमीटर. पॉप फिल्टर त्याच्या मधोमध. मराठीत प, फ, भ ओळीओळीला येतात, म्हणून माइक तोंडासमोर सरळ न ठेवता नाकाच्या उंचीवर घेऊन थोडा खाली झुकवा. हवेचा झोत खालून निघून जातो. याहून जवळ गेलात तर प्रॉक्सिमिटीने खालचा भाग फुगतो आणि डबा परत.

लेव्हल: सर्वात जोरकस ओळ म्हणून बघा, पीक वजा १० डीबीच्या आसपास यायला हवी, वजा ६च्या वर नको. २४ बिटला हळू रेकॉर्ड केल्याने काही बिघडत नाही. क्लिप झालेला शब्द मात्र गेला तो गेला.

घूं असा बारीक आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. गेला तर दोष चार्जरचा किंवा बोर्डाच्या अर्थिंगचा. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत तो बसतो, ईक्यूने पूर्ण जात नाही.

---

लो_एंड_नेरूळ

८०८ बद्दल. एफ म्हणजे खालचा एफ ४३.६५ हर्ट्झ. फोनचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच देत नाही. तुमचा ८०८ शुद्ध साइन असेल तर फोनकडे वाजवायला काही उरतच नाही. आवाज वाढवून उपयोग नाही, हार्मोनिक्स तयार करावे लागतात.

८०८ चा चॅनल डुप्लिकेट करा. डुप्लिकेटवर आधी सॅच्युरेशन किंवा सौम्य डिस्टॉर्शन, मग १५० हर्ट्झला हायपास (त्याखालचं कापणारा फिल्टर), मग १ किलोहर्ट्झच्या आसपास लोपास. हा थर मूळ ८०८ च्या खाली इतकाच मिसळा की हेडफोनवर वेगळा ऐकू येणार नाही, पण म्यूट केला की काहीतरी गेलं असं जाणवेल. मग फोनवर ऐका. बेसचा सूर ओळखता आला की झालं. धक्का फोनवर मिळणार नाही, सूर मिळतो.

आणखी तीन ठिकाणी ८०८ मरतो. एक, किकशी भांडण: दोन्ही एकाच क्षणी पडतात तिथे ८०८ ला किकवरून साइडचेन लावा (किक पडली की ८०८ आपोआप दबतो), ४ ते ६ डीबी खाली, ८० मिलिसेकंदांत परत. किकची पोलॅरिटी उलटवूनही ऐका, कधी कधी नुसत्या त्यानेच खालचा भाग भरतो. दोन, नोट एकमेकींवर चढणं: एफएलमध्ये त्या चॅनलला ‘कट इटसेल्फ’ चालू करा, नाहीतर आधीच्या नोटचं शेपूट पुढच्या नोटखाली गढूळपणा करतं. तीन, ट्यूनिंग: सॅम्पलच्या नावात सी लिहिलंय म्हणून तो सी असतोच असं नाही. एक ऑक्टेव्ह वर वाजवून ट्यूनर लावा. १२० च्या खालचं सगळं मोनो.

आता व्होकल. माजिवड्याचं म्हणणं बरोबर, आधी बीटमध्ये जागा. व्हर्समध्ये सॅम्पलच्या मधल्या भागातून (मिड-साइड ईक्यूच्या मिडमधून) २ ते ४ किलोहर्ट्झला ३ डीबी रुंद कट द्या. कडा तशाच राहू द्या, बीट रुंद वाटतं आणि रॅपला मध्ये रस्ता मिळतो. सॅम्पलवरचा रिव्हर्ब व्हर्समध्ये कमी, हुकमध्ये परत. पहिल्या व्हर्सचे सुरुवातीचे ४ बार सॅम्पल पूर्ण काढून फक्त ड्रम आणि ८०८ वर चालवून बघा. ऐकणाऱ्याला रॅपरचा आवाज आधी ओळखीचा होतो, मग सॅम्पल आलं तरी तो हरवत नाही.

साखळी मी अशी ठेवेन: ९० हर्ट्झला हायपास, ३०० च्या आसपास २-३ डीबी कट (खोली सुधारली तर याची गरज कमी), पहिला कॉम्प्रेसर जलद, ४:१, शिखरांवर ४ ते ५ डीबी, दुसरा संथ, २:१, सतत २ डीबी, त्यानंतर डी-एसर (‘स’ची धार दाबणारा) ६ ते ८ किलोहर्ट्झमध्ये. हॅट (ड्रममधली झांज) चकचकीत असेल तर ‘स’ बोचतो आणि आपण डी-एसर आणखी दाबतो, मग रॅपर बोबडा वाटतो. अशा वेळी हॅट १ डीबी कमी करा, व्होकलला हात लावू नका.

रिव्हर्ब छोटा प्लेट, ०.७ सेकंद, २५ मिलिसेकंद प्री-डिले. डिले आठव्या मात्रेचा म्हणजे ३३३ मिलिसेकंद, तोही फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावर, सेंड ऑटोमेट करून. पूर्ण व्हर्सवर डिले सोडला तर जलद फ्लोची माती होते.

---

कळवा_ते_ऐरोली

एमपी३ आणि वेव्हमध्ये अंतर दिसतंय, २५ च्या आसपासच. सरकवलं की बसतंय. पुढचे प्रश्न: स्टेम्स (बीटच्या वाद्यांच्या वेगवेगळ्या फाइली) नेमके किती काढायचे, व्होकलचे किती थर घ्यायचे, आणि मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) वजा १४ लफ्सला (आवाजाच्या मोठेपणाचं माप) ठेवायचा ना?

---

लो_एंड_नेरूळ

मिक्स प्रोड्युसरच करतोय तर स्टेम्स बाहेर काढायचीच गरज नाही, व्होकल प्रोजेक्टात घ्या. रॅपरला सरावासाठी दोन वेव्ह पाठवा: पूर्ण बीट, आणि ८०८ व सॅम्पल शिवाय फक्त ड्रम. ड्रमवर लीड घेतला की ताल घट्ट येतो. बाहेरच्या कुणाला मिक्स दिलंत तर सात स्टेम्स पुरतात: किक, स्नेअर-क्लॅप, हॅट-परकशन, ८०८, सॅम्पल, इतर वाद्यं, इफेक्ट. मास्टरवरचा लिमिटर काढून, पण साइडचेन चालू ठेवून.

व्होकल: लीड एक, मध्यभागी. डबल फक्त यमकाच्या शब्दांवर आणि तेही लीडपेक्षा ८-१० डीबी खाली. पूर्ण व्हर्स डबल केली तर जोडाक्षरं एकमेकांवर आपटतात, ‘स्वप्न’, ‘रस्ता’ सारखे शब्द फाटतात. हुकला डावा-उजवा डबल पूर्ण घ्या. कॉपी करून सरकवलेला नको, खरोखर वेगळा म्हटलेला. अ‍ॅडलिब्ज वेगळ्या ट्रॅकवर, २०० ला हायपास, बाजूला.

---

माजिवडा_मिक्स

वजा १४ हे लक्ष्य नाही. स्पॉटिफाय वाजवताना गाणी वजा १४ लफ्सच्या पातळीवर आणतं, एवढाच त्याचा अर्थ. यूट्यूबही मोठं गाणं खाली खेचतं, पण हळू गाणं वर उचलत नाही. रॅपचे मास्टर सर्रास वजा ९ ते वजा ८ च्या आसपास असतात, कारण क्लिपर-लिमिटरचा दाब हा त्या आवाजाचाच भाग झालाय. वजा ९ ला ड्रम चपटे होत असतील तर वजा १० ला थांबा. आकडा कुणी ऐकत नाही.

ट्रू पीक वजा १ च्या वर नको. मोठा मास्टर असेल तर स्पॉटिफायचा स्वतःचा सल्ला वजा २ चा आहे, कारण कॉम्प्रेस्ड फाइल बनताना शिखरं वर सरकतात.

तपासणी: फोन, तारेचे इयरफोन, कार, आणि मागच्या सीटखाली स्पीकर बसवलेली एखादी रिक्षा. तिथे १०० च्या आसपास सगळं फुगलेलं असतं. तुमच्या किकचा गठ्ठा झाला तर तो तिथे लगेच कळतो. मोनोतही ऐका.

---

पारसिक_पेन

मिक्सवाल्यांनी विचारलं नाही म्हणून मी विचारतो: हुक बसतोय का? मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे यमक आपोआप ‘आला-गेला-केला’वर जातं आणि १६ बारची व्हर्स एकसुरी होते. शब्दक्रम उलटा, नाम शेवटी आणा, क्रियापद बारच्या मध्ये ढकला. बोलताना आपण तसं करतोच: ‘बसलाय कोण तिथे’, ‘दिली त्याने टाळी’. यमक एका अक्षराचं न ठेवता दोन-तीन स्वरांचं ठेवा.

हिशेबही करा. ९० बीपीएमला एक बार २.६७ सेकंदांचा, सोळाव्या मात्रा १६. सोळाही भरल्या तर श्वास कुठे? दर दोन बारला दोन मात्रा रिकाम्या लिहूनच ठेवा. पंच-इन करून (मधूनच पुन्हा रेकॉर्ड करून) श्वास कापता येतो, पण मग स्टेजवर गडकरी रंगायतनला काय किंवा सोसायटीच्या गणपतीत काय, ती व्हर्स एका दमात म्हणता येत नाही.

बांधणी ६४ बारची, म्हणजे २ मिनिटं ५१ सेकंद. ठीक आहे. पण ४ बार इंट्रो म्हणजे पावणेअकरा सेकंद नुसतं संगीत. मी २ बार ठेवले असते.

---

स्प्लिट_शीट_वाशी

चौथा आणि पाचवा प्रश्न एकत्र घेतो.

सॅम्पल. ‘अमुक सेकंदांपर्यंत चालतं’ असा कुठलाही नियम भारतीय कायद्यात नाही. चार सेकंद असोत की एक, पिच खाली नेली असो की उलटं वाजवलं असो. त्या तुकड्यात दोन वेगळे हक्क आहेत: ध्वनिमुद्रणाचा (बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे) आणि त्यातल्या चालीचा व शब्दांचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, गीत-संगीताचा लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६२ ची तबकडी मुद्रण म्हणून मोकळी झाली तरी संगीतकार १९९० मध्ये गेले असतील तर चाल २०५० संपेपर्यंत मोकळी नाही. ‘जुनं आहे’ म्हणून हात घालू नका, दोन्ही तारखा तपासा. कव्हर व्हर्जनची तरतूद, कलम ३१सी, इथे उपयोगाची नाही. ती पूर्ण गाणं पुन्हा मुद्रित करण्यासाठी आहे, कापून नवं बनवण्यासाठी नाही. यूट्यूबचं कंटेंट आयडी (दुसऱ्याचं संगीत ओळखणारी यंत्रणा) पिच बदललेला तुकडाही पकडू शकतं, आणि मग उत्पन्न दुसऱ्याकडे जातं किंवा गाणं उतरतं.

तुमच्यासाठी स्वच्छ मार्ग: तो तुकडा काढा आणि त्याच जागी स्वतःची नवी चार बारची चाल वाजवून घ्या. संबळ, ढोलकी, पेटी, जे हवं ते. वादक बोलावलात तर त्याची लेखी संमती घ्या, कलाकाराचे हक्क वेगळे असतात. जुने शब्दच हवे असतील तर संतांचे अभंग शब्द म्हणून मोकळे आहेत. पण कुणी लावलेली चाल आणि कुणाचं मुद्रण मोकळं आहेच असं धरू नका. रॉयल्टी-फ्री लूप वापरले असतील तर गाणं कंटेंट आयडीत टाकताना तसं सांगा. तोच लूप हजार जणांकडे असतो आणि तुमचा दावा त्यांच्यावर जाऊन आदळतो.

आता निम्मे-निम्मे. गाण्यात तीन वस्तू आहेत. शब्द ही साहित्यकृती, रॅपरची. बीट ही संगीतकृती, प्रोड्युसरची. आणि मास्टर, म्हणजे ध्वनिमुद्रण, ही तिसरी. मास्टरचा मालक कोण हे कायदा बीट कुणी बनवलं यावर ठरवत नाही. ध्वनिमुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो त्याचा निर्माता. दोघांनी मिळून घेतली तर तसं लिहून ठेवा. नाहीतर ज्याच्या नावाने वितरकाकडे (स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं पोचवणाऱ्या कंपनीकडे) खातं आहे त्याच्याकडे सगळे पैसे जातात आणि दुसरा मेसेज करत बसतो.

एक पानी कागद पुरतो. त्यात गाण्याचं नाव, दोघांची आधारवरची पूर्ण नावं आणि स्टेजची नावं, शब्दांचा वाटा, संगीताचा वाटा, मास्टरचा वाटा, खर्च (मिक्स, व्हिडिओ, कव्हर) आधी कोणाचा वळता होणार, आणि रिमिक्स किंवा जाहिरातीला गाणं द्यायचं तर दोघांची संमती लागेल का. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. हक्क दिल्याच्या करारात मुदत नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत (कलम १९). सह्या अपलोडच्या आधी.

वितरक फक्त मास्टरचे पैसे आणतो. गीतकार आणि संगीतकार म्हणून येणारी रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते, तिथे दोघांनी वेगवेगळं सदस्य व्हायचं आणि गाणं नोंदवायचं. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच येतो. तरी करायची असेल तर साहित्य किंवा संगीतकृतीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

पैशाची अपेक्षा बेतानेच ठेवा. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला मास्टरची रॉयल्टी मिळतच नाही.

नावाचं: गँग स्टारसारखं जोडीचं एकच नाव घेतलंत (गुरू रॅपर, डीजे प्रीमियर प्रोड्युसर) तर शून्य फॉलोअरचं नवं प्रोफाइल सुरू होतं. दोघांचीही प्रोफाइलं आधीपासून चालू असतील तर दोघांना मुख्य कलाकार टाका, गाणं दोन्हीकडे दिसेल. बीटमेकरला फक्त ‘प्रोड्युसर’ या भूमिकेत टाकलंत तर त्याचं नाव क्रेडिटच्या आतल्या पानावर जातं, त्याच्या प्रोफाइलवर गाणं येत नाही. पुढे पाच-सहा गाणी एकत्र करायचं पक्कं असेल तरच जोडीचं नाव.

---

कळवा_ते_ऐरोली

सॅम्पल काढतोय, पेटीवर नवा तुकडा वाजवतोय. दोघांना मुख्य कलाकार. रिलीजचा क्रम कुणी सांगेल? व्हिडिओ साधाच, ठाण्यातली तलावपाळी आणि कळव्याजवळच्या विटाव्याच्या बाजूला.

---

घणसोली_अपलोड

तारीख शुक्रवारची धरा आणि वितरकाकडे चार आठवडे आधी टाका. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं ते रिलीजच्या किमान ७ दिवस आधी, तेव्हाच ते तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (स्पॉटिफायची नव्या गाण्यांची यादी) येतं. वितरकाने गाणं पोचवल्याशिवाय सुचवण्याचा पर्याय दिसत नाही, आणि एखादी चूक निघून फाइल परत आली तर तो आठवडा जातो. म्हणून चार आठवडे.

परत येण्याची कारणं बहुतेक वेळा कव्हरची असतात. ३००० बाय ३००० पिक्सेल, जेपीजी, आरजीबी. त्यावर इन्स्टा हँडल, फोन नंबर, ‘लवकरच येत आहे’, स्ट्रीमिंग कंपनीचा लोगो, यातलं काही नको. कव्हरवरचं नाव आणि फॉर्ममधलं नाव अक्षरशः तेच. शिव्या असतील तर एक्स्प्लिसिट टिक करा. साफ आवृत्ती वेगळी देणार असाल तर तिला वेगळा आयएसआरसी (प्रत्येक मुद्रणाचा ओळख-कोड) लागतो, इन्स्ट्रुमेंटललाही. आयएसआरसी बारा अक्षरांचा असतो, वितरक देतो. भारताच्या नावाचा नसला तरी चालतो, पण एकदा पडलेला कोड वितरक बदलला तरी तोच ठेवायचा, नाहीतर स्ट्रीम्सचा आकडा नव्याने सुरू होतो.

भाषा मराठी निवडा, हिंदी नको. गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात खरी पूर्ण नावं. कलाकाराच्या रकान्यात नाव टाइप करून सोडू नका, तुमच्या सध्याच्या प्रोफाइलची लिंक द्या. त्याच नावाचा दुसरा कुणी असेल तर गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं आणि काढून घ्यायला आठवडे जातात. खातं वार्षिक फीचं असेल तर फी थांबल्यावर गाणी उतरवतात का, ते आधीच वाचा.

व्हिडिओ: रेल्वेच्या हद्दीत कॅमेरा लावायचा तर मध्य रेल्वेची परवानगी लागते, फलाट आणि पादचारी पूल दोन्ही धरून. तलावपाळीला ट्रायपॉड आणि स्पीकर लावून गर्दी जमवणार असाल तर महापालिका आणि पोलीस दोन्हीकडे अर्ज करा. ड्रोन उडवायचा तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघा, नवी मुंबई विमानतळामुळे खाडीपलीकडचा बराच भाग तपासावा लागतो. शूटला प्लेबॅक म्हणून अंतिम मास्टरच वाजवा. कच्च्या मिक्सवर ओठ हलवले आणि नंतर इंट्रो ४ वरून २ बारवर आणला, तर एडिटला सगळे कट सरकवावे लागतात.